सोलापुरातील जुन्या आगींच्या नोंदी अग्निशमन दलाकडे मिळतात का? त्यांवरून दशकवार कारणांचा तक्ता करून शहराचा इतिहास लिहिता येईल का?

नोंदी रीतसर मागता येतात, आणि त्यांवरून बरेच काही लिहिताही येते. मात्र कोणत्या दशकात कोणत्या कारणाने किती आगी लागल्या याचा जो तक्ता तुम्हाला करायचा आहे, तो करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. वर्दीच्या, म्हणजे आगीची खबर टिपण्याच्या, नोंदवहीत सर्वांत कमी विश्वासाचा रकाना कोणता असेल, तर तो कारणाचा.

हे मी ऐकीव माहितीवर लिहीत नाही. आमचे यंत्रमाग सोलापूरच्या पूर्व भागात होते, परंतु सुताचे गोदाम दुसऱ्या एका नगरपालिकेच्या हद्दीत होते. तिचे नाव येथे देत नाही. 1980 च्या दशकात एका रात्री ते गोदाम जळाले. किल्ली वडिलांकडे असे आणि तेथील वायरिंगही त्यांनीच करून घेतले होते. त्यामुळे थोरल्या काकांनी त्याच आठवड्यात निकाल देऊन टाकला: शॉर्ट सर्किट झाले, म्हणजे वायरिंग हलके होते, म्हणजे चूक धाकट्याची. पुढे वाटणीच्या वेळी हा निकाल रुपयांत मोजला गेला. विम्यासाठी काढलेला आगीचा दाखला काका कपाटात जपून ठेवत आणि घरात विषय निघाला की त्यातील ‘शॉर्ट सर्किट’ या शब्दांवर बोट ठेवत. सरकारी कागदापुढे वडिलांनी कधी तोंड उघडले नाही.

वडील गेल्यानंतर मी मूळ नोंदवही पाहण्यासाठी अर्ज केला. आमच्या ओळीत वर्दी मिळाल्याची वेळ, बंब बाहेर पडल्याची वेळ, पोहोचल्याची वेळ आणि परतल्याची वेळ हे सारे मिनिटांनिशी, स्वच्छ अक्षरात होते. कारणाच्या रकान्यात मात्र एकही शब्द नव्हता. तेथे ‘वरीलप्रमाणे’ या अर्थाच्या दोन तिरक्या रेघा होत्या. वरच्या ओळीतही तशाच रेघा होत्या, तिच्या वरच्या ओळीतही तशाच, आणि या रेघांचा जिना चढत गेल्यावर पानाच्या माथ्याशी एका पानटपरीपुढे ‘शॉर्ट सर्किट’ असे लिहिलेले सापडले. मधल्या ओळींत भर शेतातील कडब्याची एक गंजीही होती. त्या पानटपरीचे कारण रेघारेघांनी खाली उतरून आमच्या गोदामाला लागले, तेथून दाखल्यावर गेले आणि दाखल्यावरून वडिलांच्या डोक्यावर बसले. घटनास्थळी गेलेल्या अधिकाऱ्याचा सविस्तर अहवाल वेगळ्या फायलीत होता. त्यात मुख्य स्विच बंद स्थितीत आढळल्याचे आणि आगीचा जोर मागील भिंतीकडे, म्हणजे जेथे वीजजोडणीच नव्हती तेथे, सर्वाधिक असल्याचे नमूद होते. दाखला लिहिणाऱ्याने ती फाइल उघडलीच नसावी.

असे का होते, हे समजून घेतले तर नोंदवही कशी वाचायची हेही कळते. वेळेचे रकाने दूरध्वनी येताच, ड्युटीवरचा माणूस भरतो. उशीर झाला तर त्याचा जाब अग्निशमन दलाकडेच मागितला जातो, म्हणून तेथे निष्काळजीपणा सहसा होत नाही. कारणाचा रकाना जवान दमून परतल्यावर भरला जातो. आग विझविणे हे त्यांचे काम. विजेच्या अपघाताची तांत्रिक चौकशी विद्युत निरीक्षकाकडे आणि संशयास्पद प्रकरणाचा तपास पोलिसांकडे असतो, त्यांचे निष्कर्ष येईपर्यंत नोंदवहीचे पान कधीच उलटलेले असते. शिवाय दुसऱ्याच कारणाने लागलेल्या आगीत तारांवरचे वेष्टण जळून नंतर शॉर्ट सर्किट होऊ शकते, त्यामुळे वितळलेली तार दिसली एवढ्यावरून ती आगीचे कारण ठरत नाही. आणि खरे सांगायचे तर शॉर्ट सर्किट लिहिल्याने मालक, विमा कंपनी, पोलीस यांपैकी कोणाचीच फारशी अडचण होत नाही. नुकसानीचा आकडाही बहुधा मालकाने सांगितलेला असतो.

सोलापूरपुरते बोलायचे तर आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. 1992 च्या हद्दवाढीने शहर एकदम पसरले, तेव्हा त्यानंतरच्या आगींची संख्या आधीच्या वर्षांशी सरळ ताडून पाहणे चूक ठरेल. दुसरे असे की, सुताच्या आणि कापसाच्या गाठी वरून विझल्या तरी आतून धुमसत राहतात व काही तासांनी पुन्हा पेटतात; त्यामुळे एकाच पत्त्याच्या लागोपाठच्या दोन वर्दी म्हणजे दोन आगी असे धरू नये. आग जितकी मोठी, तितकी तिची माहिती नोंदवहीबाहेर अधिक असते. 8 मे 1930 रोजी जमावाने जाळलेल्या मंगळवार पेठ पोलीस चौकीची हकिकत खटल्याच्या कागदपत्रांत आहे, कारण त्या प्रकरणात चौघांना फाशी झाली. मे 2025 मध्ये अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेल कारखान्याच्या आगीत 8 जणांचा मृत्यू झाला. तिचाही अभ्यास पुढे कोणी केला, तर त्याला एका रकान्यातील दोन शब्दांवर थांबता येणार नाही.

माहिती अधिकाराचा अर्ज कसा करतात हे तुम्हाला ठाऊक असेलच. प्रतींऐवजी अवलोकन, म्हणजे मूळ कागद समक्ष पाहणे, मागा, कारण त्या तिरक्या रेघा प्रमाणित उताऱ्यात उमटत नाहीत, तेथे शब्द येतात. अभिलेख वर्गीकरणाची सूची आधी घ्या. ‘अ’ वर्गातील कागद कायम ठेवतात, ‘ब’ वर्गातील 30 वर्षे, आणि नोंदवही व अहवाल एकाच वर्गात असतील असे गृहीत धरू नका. खासगी माहिती म्हणून नकार मिळाला, तर 20 वर्षांपूर्वीच्या घटनेला ती सबब कलम 8(3) नुसार चालत नाही, हे अपिलात लिहा.

मन लावून कारण लिहिणारे अधिकारीही असतात. ज्या पानांवर दर ओळीला वेगळे शब्द आहेत, ती पाने तक्त्यासाठी जरूर वापरा. गंजीवरून विजेची तार गेलेली असू शकते, हेही मला मान्य आहे. आमचा मुख्य स्विच बंब येण्यापूर्वी एखाद्या शेजाऱ्याने बंद केला असेल, असा मुद्दा काकांच्या मुलाने हे सारे ऐकल्यावर काढलाच. असेलही; मग त्याने मागील भिंतीकडे वायर कोठून आली तेवढे दाखवावे, आणि ते जमेपर्यंत तो दाखला पुन्हा कोणापुढे नाचवू नये.