‘पाळी’ बोलीतली, मग ‘मासिक धर्म’ कुणाचा?

नाशिकरोडच्या एका शिक्षिकेने विचारलं आहे: अकरावीच्या मुलामुलींनी ‘पीरियड पॉव्हर्टी’वर, म्हणजे पाळीत लागणारं सामान आणि सोयी न मिळण्यावर, पोस्टर केली आणि मग एकमेकांच्या पोस्टरांवर लेखी शेरे दिले. एका मुलीचं शीर्षक होतं ‘पाळीची गरिबी’. त्यावर तीन शेरे आले. ‘पाळी हा बोलीतला शब्द आहे, मासिक धर्म लिही.’ ‘पाळी गरीब कशी असेल?’ ‘चित्रात नुसतं पॅडच आहे.’ मुलीने यांना काय उत्तर द्यावं आणि शीर्षकात कोणता शब्द ठेवावा?

पहिला शेरा तिने मुळीच मान्य करू नये. ‘मासिक धर्म’ हा हिंदी जाहिरातींतून आणि घाईघाईने अनुवाद केलेल्या माहितीपत्रकांतून आपल्याकडे शिरलेला प्रयोग आहे, आणि हल्ली तो शाळांच्या भिंतींवरही दिसतो याची मला मनापासून चीड येते. मराठीत पाळी येते, चुकते, लांबते, जाते. ही क्रियापदं ‘धर्मा’ला लावून पाहा, एकही बसत नाही. ज्या शब्दाला घरातली क्रियापदं चिकटत नाहीत तो शब्द घरातला नव्हे.

आणि ‘पाळी’ बोलीतली म्हणून हलकी, हे कुणी ठरवलं? संस्कृत ‘पालि’ म्हणजे ओळ, कड, बांध. कानाची पाळी तीच. बौद्ध ग्रंथांच्या पाली भाषेचं नावही त्याच शब्दावरून आलं: पालि म्हणजे ग्रंथातली ओळ, मूळ पाठ, भाष्याहून वेगळा. ओळीवरून ओळीतला क्रम, क्रमावरून आपला नंबर, असा अर्थ सरकत गेला. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पहिली पाळी, रात्रपाळी असते. निफाडकडे पाटाच्या पाण्याची पाळी असते, पेरणीआधी शेताला कुळवाच्या पाळ्या देतात. ठरल्या क्रमाने फिरून येणारं जे काही आहे ते पाळी. इंग्रजी ‘पीरियड’चा ग्रीक पूर्वजही ‘फिरून येणारी वाट’ असाच आहे. कालव्याच्या पाणीपाळीला सरकारी कागदात ‘आवर्तन’ म्हणतात, तो त्याचा जवळजवळ शब्दशः जुळा.

इथे एक गैरसमज खोडलाच पाहिजे. व्याख्यानांतून, तेही भाषेच्या प्राध्यापकांकडून, मी ऐकलं आहे की चार दिवस ‘पाळायचे’ म्हणून ‘पाळी’. साफ चूक. मग रात्रपाळीत कामगार काय पाळतो? कुळव काय पाळतो? ही व्युत्पत्ति नुसती चुकीची नाही, तिने नुकसानही होतं. बाजूला बसवण्याची चाल जणू शब्दातच भरलेली आहे असं मुलींना वाटू लागतं. शिवाशिवीसाठी आपल्याकडे वेगळा शब्द होता, ‘विटाळ’. जैन पंडित हेमचंद्राने बाराव्या शतकात अपभ्रंश या प्राकृतानंतरच्या भाषेच्या व्याकरणात ‘विट्टाल’चा अर्थच अस्पृश्याचा संसर्ग असा दिला आहे. पाळीचा त्या घराण्याशी काडीचा संबंध नाही.

दुसरा शेरा मात्र बरोबर आहे आणि तो देणाऱ्याचे आभार मानावेत. मराठीत ‘शेतकऱ्याची गरिबी’ म्हटलं की गरीब शेतकरीच असतो. इंग्रजीत दोन नामं शेजारी ठेवून भागतं, मराठीत ‘ची’ लागली की बोट नेमक्या माणसाकडे जातं. ‘मासिक पाळी दारिद्र्य’ हे तर भाषांतर नव्हे, शब्दांची रास आहे.

माझा शब्द आहे ‘परवड’. पाळीची परवड.

जुन्या मराठीत ‘परवडी’ म्हणजे प्रकार, रीत. तो प्राकृत ‘परिवाडि’वरून आणि ती संस्कृत ‘परिपाटी’वरून आली. परिपाटी म्हणजे क्रम, एकामागून एक येणं. म्हणजे मुळाशी गेलं तर पाळी आणि परवड दोन्ही क्रमच! आजची ‘परवड’ याच ‘परवडी’ची लेक आहे असं माझं ठाम मत आहे. क्रमावरून रीत, रीतीवरून स्थिती, स्थितीवरून हाल. अर्थ असा घसरतो का, असं विचारणाऱ्यांनी ‘काय ही दशा’, ‘काय गत झाली’, ‘अवस्था बघवत नाही’ हे प्रयोग आठवावेत. दशा, गत, अवस्था यांत मूळचं वाईट काहीच नाही, पण मराठी माणूस ते शब्द उच्चारतो तेव्हा हालच सांगत असतो. खुद्द ‘पाळी’चंही तेच झालं: ‘उपाशी झोपायची पाळी आली’, ‘वैऱ्यावरही ही पाळी येऊ नये’. ‘परवडणे’ही मला याच कुळातलं वाटतं, हिशेबाच्या क्रमात बसणं. परवडत नाही म्हणून परवड होते, हे वाक्य भाषेने आधीच तयार ठेवलेलं आहे. ‘पर’ म्हणजे परकी आणि ‘वड’ म्हणजे वाट अशी फोड करणाऱ्यांनी ‘वाटे’च्या ‘ट’चा ‘ड’ इथेच का झाला आणि पायवाटेत का झाला नाही, एवढं सांगावं.

तिसरा शेरा मोलाचा आहे, आणि ‘परवड’ शब्द त्यालाही पुरतो. पॅडची किंमत हा प्रश्नाचा एक भाग झाला. त्यावर 12 टक्के जीएसटी होता, तो जुलै 2018मध्ये गेला. त्याच वर्षी राज्याच्या अस्मिता योजनेत जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींना 8 पॅडचं पाकीट 5 रुपयांत द्यायचं ठरलं. 2019पासून जनऔषधी केंद्रात ‘सुविधा’ पॅड 1 रुपयाला मिळू लागलं. पण शाळेच्या स्वच्छतागृहात पाणी नाही, दाराला कडी नाही, वापरलेलं पॅड टाकायला झाकणाची बादली नाही, तर स्वस्त पॅड दप्तरात असूनही मुलगी घरीच थांबते. तेव्हा चित्रात नळ, कडी आणि बादली येऊ द्या, शीर्षकाखाली एक ओळ लिहा: ‘शाळा बुडवायची पाळी कुणावर येऊ नये’, आणि ‘मासिक धर्म’ सुचवणाऱ्या मुलाला तिने कानाच्या पाळीपासून सगळं समजावून सांगावं.