'सुशील समाज' आणि 'उपदेष्टा'

प्रश्न असा होता: एका बंगाली लेखाचं मराठी करताना 'सुशील समाजातले अनेक जण उपदेष्टा झाले' या अर्थाचं वाक्य आलं, ते बांगलादेशाबद्दलचं. सुशील म्हणजे चांगल्या वळणाचे आणि उपदेष्टा म्हणजे उपदेश करणारे, असंच घ्यायचं का?

तसं घेतलंत तर कीर्तनकार मंडळी डोळ्यांपुढे येतील! बंगालीत 'सुशील समाज' म्हणजे सिव्हिल सोसायटी, सरकार आणि पक्षांच्या बाहेर राहून सार्वजनिक काम करणाऱ्या संस्था, चळवळी आणि माणसं. 'सिव्हिल'मधला सभ्यपणा तेवढा उचलून हा शब्द घडला. आपणही एकदा तेच केलंय, 'सविनय कायदेभंग' म्हणताना. फरक इतकाच, की बंगालीत नुसतं 'सुशील' हे आता बऱ्याचदा टोमणा म्हणून येतं; टोमणा नको असणारे 'नागरिक समाज' म्हणतात.

मराठीची खरी अडचण पुढे आहे. आपल्याकडे एका 'सिव्हिल'चे कितीतरी तुकडे आहेत: कोर्ट दिवाणी, प्रशासन मुलकी, सेवा सनदी, अभियांत्रिकी स्थापत्य, विमान वाहतूक नागरी. वर्तमानपत्रं 'नागरी समाज' लिहितात खरं, पण नागरी सुविधा, नागरी बँक वाचलेल्या माणसाला तो शहरी समाज वाटतो. आणि 'समाज' म्हटलं की आपल्या कानाला आधी जातच ऐकू येते: माळी समाज, मराठा समाज. (बांगलादेशातल्या विद्यार्थी नेत्यांनी 2025 मध्ये काढलेल्या पक्षाचं नाव 'जातीय नागरिक पार्टी' आहे. बंगालीत जातीय म्हणजे राष्ट्रीय. हे नाव भाषांतरात जसंच्या तसं ठेवलंत तर अनर्थ!)

म्हणून मी तरी ही माणसं उपदेष्टा होण्याआधी काय करत होती तेच लिहीन. बांगलादेशच्या पंतप्रधान शेख हसीना 5 ऑगस्ट 2024 ला पायउतार झाल्या, 8 तारखेला मुहम्मद युनूस यांच्या अंतरिम सरकारचा शपथविधी झाला. त्यात पर्यावरणाचे खटले लढणाऱ्या वकील सईदा रिझवाना हसन होत्या, 'अधिकार' या मानवी हक्क संघटनेचे आदिलुर रहमान खान होते. खान यांना जेमतेम वर्षभरापूर्वी, सप्टेंबर 2023 मध्ये, दोन वर्षांची शिक्षा झाली होती. या सरकारात उद्योग खातं त्यांच्याकडे आलं. अशांना 'चळवळींतली आणि स्वयंसेवी संस्थांतली मंडळी' म्हणावं. लांबलचक आहे, पण वाचणाऱ्याला कळतं.

आता 'उपदेष्टा'. सगळे 'सल्लागार' लिहितात आणि तिथेच वाचक फसतो. आपला सल्लागार सल्ला देऊन बाजूला होतो, निर्णय दुसराच घेतो. इथे खाती चालवणारे हेच होते. हा शब्द बांगलादेशाच्या 1996 च्या तेराव्या घटनादुरुस्तीत होता. निवडणुकीपुरतं बिनपक्षीय काळजीवाहू सरकार नेमायची सोय तिने केली होती. त्यात प्रमुखाला 'प्रधान उपदेष्टा' म्हणत आणि दर्जा पंतप्रधानाचा देत. बाकीचे उपदेष्टे मंत्र्यांच्या बरोबरीचे. 2011 मध्ये ती सोय रद्द झाली, पदाचं नाव मात्र 2024 मध्ये पुन्हा वापरात आलं. निवडून न आलेल्याला मंत्री म्हणायचं नाही, एवढा संकोच त्या नावात मला दिसतो.

तेव्हा पहिल्यांदा 'उपदेष्टा (मंत्रिपदाच्या दर्जाचे सल्लागार)' असं लिहा, पुढे नुसतं 'उपदेष्टा' ठेवा. 'मंत्री' करू नका. आणि 'अधिकार' हे संघटनेचं नाव तसंच ठेवलंत तरी एकदा 'म्हणजे हक्क' असं जोडा, कारण मराठीत अधिकार म्हटलं की आधी साहेबाची खुर्ची आठवते.