वादळ तुझ्यासाठी तासभर आधी सुरू होतं

चि. बेटा,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. पाठीत अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस, म्हणजे मणक्याला सूज आणून पाठ ताठरवणारा संधिवात, घेऊन तलाठी म्हणून पहिली नेमणूक, तीही चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी, आणि रुजू झालीस ती ऐन मे महिन्यात. वादळाच्या रात्री दुखणं उसळलं तर खोलीवर एकटीने काय करायचं, असं तू विचारतेस. प्रश्न रात्रीचा आहे, पण माझं उत्तर दुपारपासून सुरू होतं. ज्याचं अंग कायम दुखतं त्याच्यासाठी वादळ इतरांपेक्षा तासभर आधी सुरू होतं आणि इतरांपेक्षा चार दिवस उशिरा संपतं. हे वेळापत्रक एकदा मान्य कर.

तुझा आजार वेगळा, माझा वेगळा. मला ऱ्हुमॅटॉइड संधिवात; बोटं आणि गुडघे त्याने धरलेले. मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त होईपर्यंत निम्मी नोकरी त्याच्या सोबतीने झाली. म्हणून औषधाच्या बाबतीत तुझ्या डॉक्टरांचं ऐक, माझं ऐकायचं ते वेळेबद्दल आणि कामाबद्दल.

'ढग यायच्या आधी माझी पाठ सांगते' म्हटलं की ऑफिसात हसतात, असं तू लिहिलंस. हसू देत. त्यांचं सगळं खोटं नाही आणि तुझंही नाही. १९९६ साली रेडेलमायर आणि ट्वर्स्की या दोघांनी संधिवाताच्या १८ रुग्णांचं दुखणं वर्षाहून जास्त काळ हवामानाशी ताडून पाहिलं. संबंध सापडला नाही. जुळलेले दिवस माणसाच्या लक्षात राहतात, न जुळलेले तो विसरतो, असा त्यांचा रोख होता. पुढे मँचेस्टरच्या संशोधकांनी अडीच हजारांहून जास्त लोकांच्या रोजच्या नोंदी मोबाइलवर घेतल्या आणि २०१९ मध्ये निष्कर्ष छापले. त्यात दमट हवा, जोराचा वारा आणि हवेचा कमी दाब असलेल्या दिवशी दुखणं वाढलेलं दिसलं, पण थोडंच. शिवाय ती विलायतेची हवा. आपल्या ४४ अंशांच्या दुपारनंतरच्या वावधनाला, म्हणजे वादळवाऱ्याला, ती कितपत लागू करायची हे तूच ठरव. मला विचारशील तर पाठीला हवामान खात्याची नोकरी देऊ नकोस. तिचा अंदाज चुकला तर घरात उगाच बसून राहशील, आणि ती गप्प राहिली तर शिवारात सापडशील. त्यासाठी फोन आहे. हवामान खातं पुढच्या तीन तासांचा इशारा जिल्हावार देतं, आणि पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' अॅप जवळपास वीज पडण्याची सूचना देतं. दोन्ही रोज दुपारी दोनला बघ, जेवणानंतरची सवय म्हणून.

आपल्याकडचं मे-जूनचं वादळ कसं येतं ते जरा समजून घे, कारण तुझा तासभर त्यातच लपलेला आहे. दिवसभर जमीन तापते, तापलेली दमट हवा वर जाते, तिसऱ्या प्रहराला सातपुड्याकडे काळा ढग उभा राहतो. त्या ढगातून गार हवा खाली आदळते आणि जमिनीवर चहूकडे पसरते. पाऊस पोचायच्या आधी धूळ आणि वारा पोचतो तो यामुळे. गार झुळूक आली की सगळं गाव सुखावतं, लोक ओट्यावर येऊन बसतात. तू मात्र त्या झुळकेला शेवटची सूचना समज. तिच्यानंतर हातात मिनिटंच असतात, आणि ताठरलेल्या कमरेला मिनिटं पुरत नाहीत. तुझा तास सुरू होतो तो ढग डोंगरावर दिसतो तेव्हा.

त्या तासात काय करायचं? सगळ्यात आधी पाणी. वीज गेली की बोअर बंद, टाकी रिकामी, आणि मग दुसऱ्या दिवशी हापशावरून बादल्या वाहणं आलं. तुझ्या पाठीला वादळाने होत नाही एवढा त्रास त्या बादल्या देतील. म्हणून नळ चालू आहे तोवर भांडी भरून ठेव, पण भरलेली बादली उचलायचीच नाही; जागेवर ठेवून तांब्याने भर. मग जेवण. कळण्याच्या दोन भाकरी दुपारीच थापून ठेव किंवा घरमालकिणीकडून मागून घे. सोबत ठेचा आणि शेंगदाणे असले की रात्री अंधारात चुलीपुढे वाकायला नको. फोन आणि बॅटरी चार्ज कर. गोळ्या एका डबीत, डबी उशाशी.

वाळवणाचं वेगळं सांगतो, कारण तिथे तू नक्की फसशील. मे महिन्यात गल्लीत प्रत्येक खाटेवर बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत असतात. 'पानी उनं, पानी उनं' अशी आरोळी उठली की म्हातारीपासून पोरापर्यंत सगळे धावतात, आणि तुझ्यासारखी मुलगी ओट्यावर उभी राहून बघत बसणार नाही हे मला माहीत आहे. धावलीस, दोन खाटा उचलल्यास, तर रात्र गेली. त्यापेक्षा ढग दिसला तेव्हाच शेजारच्या काकूंना सांग, 'काकू, आवरायला घेऊ या', आणि बसून बिबड्या डब्यात भरायचं काम तू घे. मदत तीच, फक्त तासभर आधी.

विजेबाबत एक गोष्ट कोणी सांगत नाही. उघड्यावर सापडलात तर पाय जुळवून, गुडघ्यात वाकून, डोकं खाली घालून उकिडवं बसा, असं फलकांवर लिहिलेलं असतं. तुला ते जमणार नाही. मला तर मुळीच नाही. बसलो तर उठवायला कोतवाल लागेल. तसं बसणं हाही शेवटचाच उपाय आहे, पूर्ण संरक्षण नव्हे. ज्यांना तो उपायच करता येत नाही त्यांनी उघड्यावर सापडायचंच नाही. वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंत तीस सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला, तर ती साधारण दहा किलोमीटरच्या आत आहे. एवढ्या अंतरावर धडधाकट माणूस 'शेताचा हा एवढा गट बघून जाऊ' म्हणतो. तू लगेच निघ. पक्कं घर किंवा काचा लावलेली एसटी, जीप चालेल. लिंबाचं झाड, शेतातलं उघडं शेड, मोटारसायकल चालणार नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नकोस. आणि अनेरच्या नाहीतर कुठल्याही नाल्याच्या फरशीवरून पाणी जात असेल तर अलीकडेच थांब. डोंगरात पडलेला पाऊस इकडे कोरडं असतानाही खाली येतो.

खोलीवर पत्रे आहेत असं लिहिलंस. मग वादळाची रात्र तिथे काढायची नाही. स्लॅबचं घर ज्यांचं आहे त्यांना आजच विचारून ठेव. संकोच वाटेल. पण रात्री वाऱ्यात पत्रा वाजायला लागल्यावर अंथरूण खांद्यावर घेऊन निघण्यापेक्षा दिवसाउजेडी विचारणं सोपं आहे, आणि खान्देशात 'एक रात्र मुक्कामाला येऊ का' या प्रश्नाला नाही म्हणणारं घर मला अजून भेटायचं आहे. आधी जेवायला वाढतील, मग बोलतील.

आता रात्र. लोक तुला सांगतील, पडून राहा, आराम कर. माझ्या गुडघ्यांना तो सल्ला कधी कधी चालतो, तुझ्या आजाराला नाही. तुझी पाठ पडून राहिल्याने आखडते आणि हालचालीने सुटते. मध्यरात्रीनंतरचा ठणका आणि सकाळचा ताठरपणा त्यामुळेच. वादळाच्या रात्री सगळे एका खोलीत अंग चोरून बसतात, तेच तुला महागात पडतं. अर्ध्या तासाने उठ, भिंतीला टाच, पाठ आणि डोकं टेकवून उभी राहा, खोलीतल्या खोलीत चार फेऱ्या मार. झोळ पडलेल्या खाटेवर झोपू नकोस, खाली सतरंजी बरी. शेक हवा असेल तर तव्यावर जाडं मीठ गरम करून फडक्यात बांध; आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघ, आणि पुरचुंडी पाठीखाली ठेवून झोपी जाऊ नकोस, कातडी भाजते.

दुखणं वाढेल, हे धरून चाल. झोप नाही, धाकधूक आहे, स्नायू आवळलेले आहेत. आजार जागच्या जागी असला तरी एवढ्याने वेदना चढते. तिला हटवायच्या मागे लागलीस की सारं लक्ष तिच्यावरच राहतं. श्वास घेतेस त्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लाव, खांदे खाली सोड, आणि कोणाशी तरी बोल. मी अशा रात्री सातबाऱ्याचे जुने किस्से सांगत बसायचो. ऐकणारे कंटाळायचे, माझा वेळ जायचा.

गोळ्यांचं मात्र नेमकं ठेव. दुखणं असह्य झालं तर काय आणि किती घ्यायचं, हे डॉक्टरांकडून आधी कागदावर लिहून आण. सुजेची गोळी उपाशीपोटी नको, आणि शेजारच्या काकांची 'लगेच उतरणारी' गोळी तिच्या जोडीला नको. अशा दोन गोळ्या एकत्र झाल्या की पोटाला आणि मूत्रपिंडाला मार बसतो, त्यातून दिवसभर उन्हात पाणी कमी प्यालेली असशील तर जास्तच. तुझ्या आजाराच्या, फ्रिजात ठेवायच्या इंजेक्शनबद्दल विचारलंस. त्याला २ ते ८ अंश लागतात, आणि वीज गेल्यावर बंद दाराचा फ्रिज चारेक तासच थंडावा धरतो. आपल्याकडे वादळानंतर वीज दोन दिवसही येत नाही. म्हणून डोस गावात ठेवूच नकोस. चोपड्याच्या औषध दुकानदाराच्या फ्रिजात राहू दे, घ्यायच्या दिवशी तिथे जाऊन घे. त्याच्याकडे इन्व्हर्टर आहे का, तेही विचार.

काही लक्षणं मात्र सहन करायची नसतात. लघवीवरचा ताबा गेला किंवा ती अडली, बैठकीचा भाग बधिर झाला, पायातली शक्ती गेली, तर सकाळची वाट न बघता १०८ ला फोन कर. तसंच घसरून पडलीस आणि मानेत किंवा पाठीत नवं, वेगळं दुखणं सुरू झालं, तर 'नेहमीचंच आहे' म्हणू नकोस. तुझ्या आजारात मणका साध्या पडण्यानेही मोडू शकतो. एक्स-रेचा फोटो काढल्याशिवाय हालचाल नको.

आणि मग उजाडतं. गाव म्हणतं, संपलं एकदाचं. तुझं खरं काम तेव्हा सुरू होतं. घड लागलेली केळी आडवी झालेली असते, तहसीलचा फोन येतो, ग्रामसेवक आणि कृषी सहायकासोबत पंचनामे. पडलेल्या केळीच्या बागेत चालणं कसं असतं हे ऑफिसात बसणाऱ्याला कळत नाही. खांब एकमेकांवर पडलेले, चिकाने निसरडं झालेलं, खाली ठिबकच्या नळ्या पायात येतात, आणि मध्येच महावितरणची तार लोंबत असते. तार दिसली की लांब थांब, १९१२ वर कळव, बाकीच्यांनाही पुढे जाऊ देऊ नकोस. हातात काठी घे. लाज वाटत असेल तर सापाचं कारण सांग, ते खोटंही नाही.

या दिवसांत तुला सगळ्यात जास्त दमवेल ती तुलना. एखाद्याची वर्षाची बाग झोपलेली असते, तो बांधावर गप्प उभा असतो, आणि नुकसान ३३ टक्क्यांच्या वर धरायचं की खाली, म्हणजे भरपाई मिळणार की नाही, हे तुझ्या पेनावर असतं. त्याच्यापुढे आपली पाठ दुखते हे मनात आणायचीही चोरी वाटते. मग तू पाणी पीत नाहीस, बसत नाहीस, गट संपल्याशिवाय थांबत नाहीस, आणि तिसऱ्या दिवशी अंथरुणातून उठत नाहीस. उरलेल्या गटांचे पंचनामे अडतात, त्यात त्या शेतकऱ्याचा भाऊही असतो. मी असे चांगले तलाठी पाहिलेत. त्याचं नुकसान मोठं आहेच, पण तुझ्या दुखण्याने त्यातलं काही कमी होत नाही. दोन गट झाले की बांधावर पाच मिनिटं बस आणि बसल्या जागी नोंदी पुऱ्या कर. लोकांना तेही कामच दिसतं, आणि ते कामच आहे. लोक पहाटे सहाला दारात येतील. त्यांना आदल्या संध्याकाळीच सांगून ठेव की साडेआठला निघायचं. सकाळचे ते दोन तास गरम पाण्याचे आणि व्यायामाचे, ते कोणालाही द्यायचे नाहीत. गाडी कोतवालाला चालवू दे, पण खड्ड्यांच्या रस्त्यावर मागे बसून जाण्यापेक्षा अंतर कमी असेल तर चालत गेलेलं बरं.

तुझ्या मंडळ अधिकाऱ्यांना आजाराची कल्पना दिलीस का, हे पत्रात कुठे दिसलं नाही. वादळाच्या दुसऱ्या दिवशी सांगितलंस तर ते बहाणा समजतील; त्यांच्या जागी मीही तेच समजलो असतो. या आठवड्यात डॉक्टरांच्या कागदाची प्रत जोडून साधा अर्ज दे आणि आवक क्रमांक घे. मोठ्या नुकसानीच्या वेळी दुसऱ्या सजेचा, म्हणजे दुसऱ्या तलाठ्याच्या हद्दीचा, माणूस जोडीला द्यायचा की नाही हे ठरताना त्यांना हे आधीच माहीत असलेलं बरं.

अर्जाचा मसुदा पाठवलास तर बघून देईन. चष्मा बदललाय, आता वाचता येतं.

तुझा,
आप्पा