नाताळच्या ताटातला राखून ठेवलेला वाटा

(वाचकांचे प्रश्न : डिसेंबर)

ताई, माझे आजोबा वळिवड्याच्या पोलिश कॅम्पात दूध घालायला जायचे. ते सांगायचे की नाताळच्या आदल्या दिवशी ही मंडळी दिवसभर उपाशी असायची, संध्याकाळी पोरं अंगणात उभी राहून आभाळाकडे बघत बसायची आणि जेवताना एक ताट जास्तीचं मांडलेलं असायचं. ते ताट कुणाचं? आणि त्या रात्री ते लोक खायचे तरी काय?
— एक वाचक, गांधीनगर (कोल्हापूर)

आजोबांनी बघितलं ते अगदी बरोबर आहे. घरात कुणी लिहून ठेवलं नसेल तर तुम्ही आजच लिहून ठेवा.

वळिवड्याचा कॅम्प 1943 ते 1948 या काळात होता. सुमारे 5,000 पोलिश माणसं तिथे राहिली, त्यात बायका-मुलंच जास्त. 1940-41 मध्ये सोव्हिएत सत्तेने त्यांना पूर्व पोलंडमधल्या घरांतून उचलून सायबेरियात आणि कझाकस्तानात नेलं होतं. 1941 मध्ये सुटका झाली आणि इराणमार्गे ही कुटुंबं इकडे आली. ती गेल्यावर त्याच जागी फाळणीतल्या सिंधी निर्वासितांची वस्ती झाली, तेच तुमचं गांधीनगर. ही माणसं पूर्व पोलंडची होती हे ताटाच्या दृष्टीनेही महत्त्वाचं आहे, कारण त्या रात्रीचा सगळ्यात जुना पदार्थ त्याच भागात टिकून होता. त्याच्याकडे येतेच.

24 डिसेंबरच्या रात्रीच्या जेवणाला पोलिश माणूस विगिलिया म्हणतो. आभाळात पहिला तारा दिसेपर्यंत उपास, आणि तारा शोधायचं काम घरातल्या सगळ्यात धाकट्या पोराचं. पोलंडमध्ये त्या दिवसांत दुपारी साडेतीन-चारलाच सूर्य मावळतो. कोल्हापुरात सहा वाजून जातात. म्हणजे वळिवड्यातल्या पोरांना मायदेशापेक्षा चांगले दोन तास जास्त कळ काढावी लागली असणार!

तारा दिसला की टेबलाशी यायचं. पांढऱ्या चादरीखाली मूठभर वाळलेलं गवत पसरलेलं असतं, येशूचा जन्म गोठ्यात झाला म्हणून. शेतकऱ्यांच्या घरात खोलीच्या कोपऱ्यांत धान्याच्या पेंढ्याही उभ्या करत. जेवण झालं की लग्नाच्या वयाच्या मुली चादरीखालून न बघता एकेक काडी ओढत. हिरवी निघाली तर यंदा लग्न, पिवळी निघाली तर अजून वाट बघा.

पहिला घास मात्र ओप्वातेकचा. पीठ आणि पाणी एवढ्यावरच, नक्षीच्या लोखंडी साच्यात भाजलेली ही कागदासारखी पातळ, पांढरी, जवळजवळ बेचव पापडी. तिच्यावर बाळ येशूचं चित्र उठवलेलं असतं. प्रत्येकाच्या हातात एकेक असते. आपण समोरच्याच्या पापडीचा तुकडा मोडून घ्यायचा, त्याने आपल्या, आणि एकमेकांचं भलं चिंतायचं. ज्याच्याशी वर्षभर बोलणं नाही त्याच्यासमोरही हात पुढे करावाच लागतो. खेड्यांत गोठ्यातल्या गुरांनाही ओप्वातेक देत, कित्येक ठिकाणी त्यांच्यासाठी वेगळी रंगीत पापडी करत. त्या रात्री बारा वाजता गुरं माणसांच्या भाषेत बोलतात अशी समजूत होती. चोरून ऐकायला मात्र जायचं नाही, कारण जो ऐकतो त्याला स्वतःच्या मरणाची बातमी कानावर येते.

आता ते जास्तीचं ताट. आज विचाराल तर पोलिश घरात सांगतील, अवचित दाराशी आलेल्या पाहुण्याचं. जुन्या समजुतीप्रमाणे ते घरातल्या गेलेल्या माणसांचंही होतं. त्या रात्री मृतांचे आत्मे घरी येतात म्हणून बाकावर बसण्याआधी हलकी फुंकर मारायची रीत होती, न जाणो तिथे कुणी बसलेलं असेल आणि आपण त्याच्या अंगावर बसू. शिवायचं नाही, सूत कातायचं नाही, लाकूड फोडायचं नाही. सुईने किंवा कुऱ्हाडीने एखाद्या आत्म्याला इजा व्हायची. वळिवड्यातल्या कितीतरी कुटुंबांची माणसं परक्या मुलखात दगावली होती, किती जणांचे बाप-भाऊ लढाईवर होते. त्या घरांत हे ताट मांडताना कुणाकुणाचं नाव मनात येत असेल, याचा विचार मी पुष्कळदा करते.

खायला काय? मांस नाही, कारण तो उपासाचा दिवस. बीटचं आंबट सार आणि त्यात मशरूम भरलेल्या इवल्या करंज्या, कोबी-मशरूमचे पिएरोगी (सारण भरून उकडलेल्या करंज्या), खारवलेला हेरिंग मासा, सुकवलेल्या फळांचं शिजवलेलं गोड पाणी. उन्हाळ्यात सुकवून, खारवून, आंबवून ठेवलेलं जे घरात असेल ते सगळं. पदार्थ बारा असावेत असं आता म्हणतात, बारा शिष्यांचे बारा. पण पूर्वी विषम आकडा धरत: शेतकऱ्याकडे पाच किंवा सात, सरदारांकडे नऊ, बड्या जहागीरदारांकडे अकरा.

आणि पूर्वेकडच्या घरांत कुटिया. सडलेला, म्हणजे कांडून साल काढलेला गहू, खसखस, मध आणि अक्रोड. पोलंडच्या पूर्व भागात आणि युक्रेनमध्ये हिच्याशिवाय ती रात्र होत नाही, आणि ती मृतांच्या स्मरणातही करतात. घरचा कर्ता चमचाभर कुटिया छताला फेकायचा; जितके दाणे वर चिकटतील तितकं पीक चांगलं आणि मधमाश्यांची पोळी भरलेली.

तुमच्या भागातल्या खपलीच्या खिरीची ही सख्खी बहीण आहे, फक्त गुळाऐवजी मध, आणि कडक उपासामुळे दूध नाही. मी करते ती अशी. वाटीभर सडलेली खपली रात्रभर भिजवायची आणि दाणा फुटेल पण लगदा होणार नाही इतपत शिजवायची. कुकरमध्ये शिट्ट्यांवर शिट्ट्या काढू नका, दाणा दाताखाली आला पाहिजे. अर्धी वाटी खसखस कढत पाण्यात दोन तास भिजवून, निथळून पाट्यावर वाटायची. तिकडे यासाठी आतून खरबरीत असलेलं मातीचं भांडं आणि लाकडी बत्ता असतो, पण पाटा-वरवंटा त्याहून सरस काम करतो. वाटता वाटता खसखशीतून दुधासारखा रस सुटला की झालं. त्यांची खसखस निळसर काळी असते, त्यामुळे त्यांची कुटिया करड्या रंगाची दिसते, आपली पांढरी. गहू कोमट झाल्यावरच त्यात खसखस, चार-पाच चमचे मध आणि भरड कुटलेले अक्रोड घाला. गार करून दुसऱ्या दिवशी खा, तोवर मध दाण्यात मुरतो. वळिवड्याच्या आठवणीसाठी काही करावंसं वाटत असेल तर या 24 तारखेला हे नक्की करा.

नाताळला मांस नाही हे वाचून आश्चर्य वाटलं. मग पोलंडचा तो प्रसिद्ध कार्प मासा? आपल्याकडे मिळतो का?
— वाचक, मिरज

मासा उपासाला चालतो. युरोपातल्या मठांनी तळी खणून कार्प पाळला तो याच उपासांच्या दिवसांसाठी. पण प्रत्येक पोलिश घरात नाताळला कार्पच, ही चाल दुसऱ्या महायुद्धानंतरची. तेव्हा सरकारी मत्स्यशेतीने तो स्वस्तात पुरवला आणि लोक जिवंत मासा आणून दोन दिवस न्हाणीघरातल्या टबात ठेवू लागले. आपल्या तलावांत सोडला जाणारा सायप्रिनस हाच तो मासा, आणि रोहूही त्याच कुळातला. कार्पचा एक खवला पाकिटात ठेवला तर वर्षभर पैसा टिकतो अशी समजूत आहे. धुऊन, चांगला वाळवून मगच ठेवा.

लेकीने लंडनहून ख्रिसमस पुडिंग पाठवलं आहे. डब्यावरची तारीख बघता ते महिनोन् महिने टिकणार असं दिसतं. असं काय असतं त्यात? आम्ही शाकाहारी आहोत.
— वाचक, ठाणे

तुमचं शेवटचं वाक्य आधी घेते. डब्यावरची यादी नीट वाचा. पारंपरिक पुडिंगमध्ये सूएट असतं, म्हणजे गुरांच्या मूत्रपिंडाभोवतीची चरबी. अंडीही असतात. वनस्पती-तेलाच्या सूएटचं पुडिंगही आता सर्रास मिळतं, लेकीने तेच पाठवलं असेल तर यादीत तसं लिहिलेलं दिसेल.

टिकतं ते साखर, बेदाणे-मनुका, चरबी आणि ब्रँडी यांच्या जोरावर, शिवाय सहा-आठ तास वाफवलेलं असतं म्हणून. मुळात ते गोड नव्हतंच. मध्ययुगातल्या इंग्लंडमध्ये फ्रुमेंटी नावाची कुटलेल्या गव्हाची पेज होती, हरणाच्या मांसाबरोबर खायची. यॉर्कशरकडे नाताळला ती करण्याची चाल पुढे बराच काळ राहिली. म्हणजे तिथेही सुरुवात गव्हापासूनच. दुसरीकडे मांसाच्या दाट रश्शात सुकी फळं आणि मसाले पडत गेले, मांस हळूहळू गळालं, मिश्रण घट्ट झालं, फडक्यात बांधून उकडलं जाऊ लागलं.

नाताळच्या आधीच्या महिन्यात, ॲडव्हेंटच्या (नाताळच्या तयारीच्या आठवड्यांच्या) आदल्या रविवारी, ते कालवायचं. त्या दिवशीच्या चर्चमधल्या प्रार्थनेची सुरुवातच ‘ढवळ, हे प्रभू’ अशा अर्थाची, म्हणून बायका देवळातून थेट स्वयंपाकघरात जात. घरातल्या प्रत्येकाने पळी पूर्वेकडून पश्चिमेकडे फिरवायची, कारण बाळ येशूला भेटायला आलेले ज्ञानी पुरुष पूर्वेकडून आले होते. फिरवताना मनात इच्छा धरायची, ती बोलून दाखवायची नाही. चांदीचं सहा पेन्सचं नाणं आत टाकत आणि ते ज्याच्या वाट्याला येई त्याचं वर्ष भाग्याचं.

यात आपलाही भाग आहे, आणि तो मला सुखाचा वाटत नाही. 1927 मध्ये ब्रिटनच्या एम्पायर मार्केटिंग बोर्डाने राजाच्या आचाऱ्याकडून ‘साम्राज्याच्या पुडिंग’ची कृती घेऊन छापली. मनुका ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेची, दालचिनी सिलोनची, लवंग झांजिबारची, रम जमैकाची आणि मसाला भारताचा. साम्राज्याचा माल खपवण्यासाठी सणाच्या पदार्थाचा इतका उघड वापर क्वचितच झाला असेल. पुडिंग जरूर खा, पण ही कृती कुणी ‘परंपरा’ म्हणून दाखवली तर ती जाहिरात होती हे सांगा.

आम्ही ओस्लोला राहतो. मुलीच्या बालवाडीत सांगितलंय की नाताळच्या रात्री नीस्सेसाठी भाताची खीर बाहेर ठेवा. हा नीस्से म्हणजे सांताक्लॉज का? आणि खिरीत बदाम कशाला?
— वाचक, ओस्लो

सांताशी त्याची गल्लत अलीकडे झाली. मूळचा नीस्से म्हणजे गुडघ्याएवढा म्हातारा, करडे कपडे, लाल टोपी, राहायला गोठ्यात किंवा धान्याच्या कोठारात. घोडी-गुरं तो सांभाळतो, रात्री चारा घालतो. त्याची मजुरी वर्षातून एकदा, नाताळच्या आदल्या रात्री वाडगाभर खीर आणि वर लोण्याचा गोळा.

लोण्यात कसूर करायची नाही. एक लोककथा नॉर्वेत आणि डेन्मार्कात वेगवेगळ्या तऱ्हांनी सांगतात. मोलकरणीने लोणी वाडग्याच्या तळाशी घातलं. वर लोणी दिसलं नाही म्हणून नीस्से भडकला, गोठ्यात गेला आणि घरातली चांगली दुभती गाय मारून टाकली. मग परत येऊन खीर खाल्ली तर तळाशी लोणी! पस्तावून त्याने त्याच रात्री शेजारच्या गावातून तशीच दिसणारी गाय आणून दावणीला बांधली. मला ही गोष्ट फार आवडते, कारण राबणाऱ्याचा वाटा त्याला दिसेल असा द्यावा, हे तिला पुरतं ठाऊक आहे. तांदूळ तिकडे परदेशातून यायचा आणि महाग होता, म्हणून गरीब शेतकरी हीच खीर सातूची करत.

तुम्हाला अजून एक गोष्ट बाजारात दिसेल, ओटच्या कणसांची पेंढी. ती काठीला बांधून अंगणात उभी करतात, बर्फात उपाशी असलेल्या पाखरांसाठी. मुलीला हे काम जरूर द्या.

बदाम तुमच्यासाठी, नीस्सेसाठी नाही. आखूड तांदूळ दुधात मंद आचेवर शिजवा, तळाला लागू देऊ नका. साखर आणि दालचिनी वरून, लोणी मधोमध. एकच अख्खा सोललेला बदाम मोठ्या भांड्यात ढवळून टाका. तो ज्याला मिळेल त्याला मार्झिपॅनचं (बदाम-साखरेच्या मिठाईचं) डुक्कर बक्षीस, दुकानांत डिसेंबरभर मिळतं. ज्याला सापडला त्याने तो गालात दडवून ठेवायचा आणि भांडं रिकामं होईपर्यंत बोलायचं नाही, म्हणजे बाकीचे दुसऱ्यांदा वाढून घेतात. मुलगी लहान असेल तर तिला आधी नीट समजावून ठेवा आणि घाईघाईत गिळू देऊ नका.