न्यू जर्सी सोडून फिनिक्सला (ॲरिझोना) राहायला जावं का? तिथला उन्हाळा सोसतो का?

मी मूळची चिपळूणची. नऊ वर्षांपूर्वी आम्हीही न्यू जर्सीहूनच इथे आलो, फिनिक्सला लागून असलेल्या चँडलरला राहतो.

उन्हाळ्याबद्दल लोक घाबरवतात ते खोटं नाही. २०२३ साली ३० जूनपासून सलग ३१ दिवस पारा रोज ११० फॅरनहाइट, म्हणजे साधारण ४३ सेल्सिअस किंवा त्याहून वर होता. गार पाण्याचा नळ सोडला तरी गरम पाणी येतं. गाडी लावताना दुकानाचं दार किती जवळ आहे हे कुणी बघत नाही, सावली बघतात.

पण मला पहिल्याच वर्षी एक गोष्ट लक्षात आली. आमच्याकडे आगोटीची भरणी करून माणसं पावसाळ्यात घरात बसायची, तसं इथे उन्हाळ्यात बसायचं. चार महिने. बाहेरची कामं सकाळी सातच्या आत, नाहीतर दिवेलागणीनंतर. ऑक्टोबर ते एप्रिल मात्र अंगणातच संसार! न्यू जर्सीत जानेवारीत बर्फ उपसायचो, इथे त्याच महिन्यात मुलं अर्ध्या बाह्यांच्या शर्टात सायकली फिरवतात. कढीपत्त्याची कुंडी तिकडे थंडीत आत-बाहेर न्यावी लागायची, आता त्याचं झाड माझ्या डोक्याच्या वर गेलंय. आणि वाळवणं! मे महिन्यात साबुदाण्याच्या चिकवड्या सकाळी घातल्या की संध्याकाळी डब्यात. (टाचांना भेगाही तितक्याच वेगानं पडतात.)

पाऊस वर्षाला जेमतेम सात-आठ इंच. जुलै-ऑगस्टात संध्याकाळी वादळ येतं, कधी त्याच्या आधी धुळीची भिंतच चालून येते. गाडीत असलात तर रस्ता सोडून बाजूला थांबा, दिवे बंद करा आणि ब्रेकवरून पाय काढा, नाहीतर मागचा तुमच्या लाल दिव्यांच्या मागोमाग येऊन आदळेल. पावसानंतर इथे आपला मातीचा वास येत नाही. क्रिओसोट नावाच्या झुडपाचा उग्र, औषधी वास येतो. पहिल्यांदा नाक मुरडलं होतं, आता त्यासाठी खिडकी उघडते.

फारच जीव कासावीस झाला तर दोन-सव्वादोन तासांवर फ्लॅगस्टाफ आहे, सात हजार फुटांवर. पाइनची झाडं, हिवाळ्यात बर्फसुद्धा. आणखी एक सुख: इथे घड्याळं मागेपुढे करत नाहीत, त्यामुळे आईला फोन करायचं गणित बाराही महिने साडेबारा तासांचंच.

घर बघायला फेब्रुवारीत येऊ नका. तेव्हा हे शहर कुणालाही आवडतं. जुलैत या, दुपारी चार वाजता घर बघा. पश्चिमेला मोठ्या खिडक्या असतील आणि एजंट सूर्यास्ताचं कौतुक सांगत असेल तर सरळ नाही म्हणा. आम्ही भुललो होतो. त्या खिडक्यांवर आता मे ते सप्टेंबर गोधड्यांसारखे जाड पडदे असतात.