किलोवॅटच्या आकड्यावर जाऊ नका

नवीन सोलर इन्व्हर्टर घेताय ना, मग आधी डेटाशीटमधली बॅकअपची ओळ वाचा. वर ठळक छापलेले 5 किलोवॅट कधीकधी ग्रिड, म्हणजे बाहेरची वीज, असतानाचे असतात. वीज गेल्यावर तेवढे मिळतीलच असं नाही. पाण्याची मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. माझा पहिला इन्व्हर्टर तिथेच मान टाकायचा, दिवे मिणमिणायचे आणि ट्रिप!

दुसरं, पॅनेलचं व्होल्टेज. थंडीत ते वाढतं. 25 अंशांना 50 व्होल्टची दहा पॅनेल सिरीजमध्ये (एकापुढे एक) जोडली म्हणजे 500; पहाटे 5 अंशांना साधारण 530. इन्व्हर्टरची कमाल मर्यादा 500 असेल तर तो गेलाच समजा.

लिथियम बॅटरी घेणार असाल तर तिचं बीएमएस (बॅटरी सांभाळणारं सर्किट) त्या इन्व्हर्टरच्या मॉडेलशी बोलतं का, हे लेखी घ्या. वायफाय ॲप वगैरे नंतर बघू.