स्क्वॉट, लंज, लेग प्रेस: पावलं नेमकी कशी ठेवायची?

तुमची अडचण अशी: स्क्वॉटला, म्हणजे खांद्यावर बार घेऊन उठाबशा काढताना, खाली जाताना टाचा उचलल्या जातात, गुडघे आत येतात, आणि जिममधले ट्रेनर सांगतात की पावलं अगदी समांतर ठेवा, गुडघा बोटांच्या पुढे जाता कामा नये. मी बरीच वर्षं लोकांकडून पायांचे व्यायाम करून घेतोय, आणि या दोन्ही सूचना सरसकट सगळ्यांना देणं मला चूक वाटतं.

पावलांची सगळ्यांना चालेल अशी एकच जागा नसते, कारण खुब्याचा सांधा प्रत्येकाचा वेगळा असतो. खुब्याची खोबण कुणाची जास्त पुढे वळलेली, कुणाची बाजूला. मांडीच्या हाडाचा वरचा कोनही निराळा. त्यामुळे एकाला पावलं जवळ ठेवून आरामात खाली बसता येतं, तर दुसऱ्याला त्याच अंतरावर जांघेत अडल्यासारखं होतं. हाडाला हाड अडत असेल तर कितीही स्ट्रेचिंग करा, फरक पडत नाही. पावलं फाकवावी लागतात.

तुमचं अंतर असं शोधा. जमिनीवर रांगण्याच्या पवित्र्यात या, पाठ सपाट. आता हात न हलवता हळूहळू नितंब टाचांकडे न्या आणि कंबर कुठे गोल व्हायला लागते ते बाजूने मोबाइलवर टिपा. गुडघे थोडे फाकवा, पुन्हा मागे जा. मग आणखी थोडे फाकवून बघा. ज्या रुंदीला सगळ्यात मागे जाऊनही कंबर सपाट राहते, साधारण तेवढ्याच रुंदीवर उभं राहून स्क्वॉट करा. बहुतेकांच्या टाचा खांद्यांइतक्या अंतरावर येतात आणि चवडे १५ ते ३० अंश बाहेर वळतात.

चवडे जिकडे, गुडघे तिकडे, हे मात्र सगळ्यांना लागू. गुडघा पावलाच्या दुसऱ्या-तिसऱ्या बोटाच्या रेषेत खाली गेला पाहिजे. तो आत येतो तेव्हा बहुतेक वेळा आधी पाऊल आत कललेलं असतं. म्हणून लक्ष तळव्याकडे द्या: अंगठ्याचं मूळ, करंगळीचं मूळ आणि टाच, या तिन्ही जागा शेवटपर्यंत जमिनीला टेकलेल्या हव्यात. पावलं न सरकवता दोन्ही तळव्यांनी जमीन बाहेरच्या बाजूला ताणायचा प्रयत्न करा. नितंबांचे स्नायू कामाला लागतात आणि गुडघे आपोआप बाहेर राहतात. तरीही आत येत असतील तर वजन जास्त आहे, ते उतरवा. इथे भिडस्तपणा नको.

गुडघा बोटांच्या पुढे जाण्याची भीती मनातून काढा. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही जणांना गुडघ्यांसमोर फळी लावून स्क्वॉट करायला लावले होते. गुडघ्यावरचा ताण साधारण एक पंचमांशाने कमी झाला, पण खुब्यावरचा ताण जवळपास दसपट झाला, कारण धड खूप पुढे झुकलं. गुडघ्याला वाचवायला जाऊन भार कंबरेकडे सरकतो.

आता टाचा. अनवाणी भिंतीसमोर उभे राहा, अंगठा भिंतीपासून १० सेंटीमीटरवर. टाच न उचलता गुडघा भिंतीला लागतो का? नसेल लागत तर घोटा आखडलेला आहे. हीच हालचाल रोज दोन्ही पायांनी सावकाश करा, आणि तोपर्यंत टाचांखाली वजनाच्या छोट्या प्लेट्स किंवा लाकडी पट्टी घेऊन स्क्वॉट करा. दोनेक सेंटीमीटर उंची पुरते. वेटलिफ्टर लोकांचे बूट टाचेला उंच असतात ते याचसाठी. धावण्याचे मऊ बूट मात्र काढून ठेवा, त्यात पाऊल डगमगतं.

कुणी म्हणेल, तालमीत पैलवान बैठका मारतात तेव्हा टाचा उचललेल्याच असतात. बरोबर, पण तिथे खांद्यावर बार नसतो, आणि चवड्यांवरचा तोल व लय हाच त्या व्यायामाचा भाग आहे. दोन्ही आपापल्या जागी उत्तम, पण एकाचे नियम दुसऱ्याला लावू नका.

लंजमध्ये, म्हणजे एक पाय पुढे टाकून गुडघे वाकवत खाली जाताना, तोल जात असेल तर पावलं एका सरळ रेषेत येत असणार. रेल्वेच्या दोन रुळांवर एकेक पाय ठेवल्यासारखी ती ठेवा, पुढची टाच घट्ट टेकलेली.

लेग प्रेस म्हणजे गादीला टेकून पायांनी वजनाची पाटी ढकलायचं मशीन. तिथे पाटीवर पावलं वर ठेवलीत तर नितंब आणि मांडीचा मागचा भाग जास्त काम करतो, खाली ठेवलीत तर पुढचा. पण कमरेचा खालचा भाग गादीवरून उचलला जाऊ लागला की तिथेच थांबायचं, मग शेजारचा कितीही खाली नेत असो. आणि वर ढकलताना गुडघे खटकन सरळ करून लॉक करू नका. या मशीनवर मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते.

पोटऱ्यांसाठी काफ रेझ, म्हणजे चवड्यांवर टाचा वर उचलायचा व्यायाम, करताना पावलं सरळच ठेवा. उभ्याने केल्यास पोटरीचा वरचा फुगीर स्नायू जास्त काम करतो, बसून केल्यास त्याच्या खालचा सोलियस, म्हणून दोन्ही करा. भार अंगठ्याच्या मुळावर ठेवा, घोटे बाहेर कलू देऊ नका, आणि टाच पूर्ण खाली गेल्यावर क्षणभर थांबूनच पुन्हा वर या.